आधी नाक धुवा, काढ्याचं नंतर बघू

सकाळी डोळे उघडतात न उघडतात तोच दहा-पंधरा शिंका, मग नळ सुटल्यासारखं नाक, डोळ्यांची चुरचुर, टाळूला आतून खाज. अकरा वाजले की सगळं शांत. हे ज्याला रोज होतं त्याला 'ही सर्दी नाही' एवढं कळायलाच बरीच वर्षं जातात. मला सात गेली. पुण्यात राहायला आलो, त्या वर्षीचा पाऊस सरला आणि हे सुरू झालं. घरात, ऑफिसात, जिन्यात, ज्याला सांगावं त्याच्याकडे एक काढा तयार. मी सगळे प्यायलो. तोंड कडू झालं, शिंका होत्या तिथेच राहिल्या.

या सात वर्षांत एक गोष्ट उशिरा लक्षात आली. ॲलर्जीवरचे जे घरगुती उपाय खरोखर कामाला येतात, त्यांतले बहुतेक पिण्याचे नसतात. नाकात जाणारं कमी करणं आणि गेलेलं धुऊन काढणं, एवढाच त्यांचा गाभा. नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी म्हणून मी खाली क्रम लावला आहे तो त्याच हिशेबाने. मी डॉक्टर नाही, जुना रुग्ण आहे.

पहिली पायरी : हे घरी सांभाळायचं दुखणं आहे का?

'तीव्र ॲलर्जी' हा शब्द लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक म्हणजे जीव नकोसा करणारं नाक. दुसरी म्हणजे जीव घेऊ शकणारी प्रतिक्रिया. शेंगदाणे, मासे, एखादं औषध, गांधीलमाशीचा डंख यानंतर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, छातीतून शिट्टीसारखा आवाज, धाप, उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं अंगावरचं लक्षण आणि श्वासाचं किंवा चक्करचं लक्षण एकत्र दिसलं, तर हळद-लिंबू शोधत बसू नका. श्वास अडकला किंवा शुद्ध हरपू लागली, तर अंगावर काही उठण्याचीही वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, माणसाला आडवं झोपवा, पाय थोडे उंच ठेवा. धाप लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. यावरचं पहिलं औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. गोळी खाज कमी करते, घसरणारा रक्तदाब सावरत नाही. एकदा असं झालेल्या माणसाने बरं वाटल्यावर तज्ज्ञाकडे जाऊन पुढच्या वेळी काय करायचं ते लिहून घ्यावं, आणि तो कागद घरातल्या सगळ्यांना दाखवावा.

दमा हेही घरी सांभाळायचं दुखणं नाही. इनहेलर बंद करून 'नैसर्गिक' उपचार सुरू करणं हा या विषयातला सगळ्यात महागात पडणारा प्रयोग आहे.

नाक, डोळे, घसा, साधी खाज एवढ्यावर भागत असेल तर पुढे वाचा.

दुसरी पायरी : चोर कोण ते पाहा

दोन आठवडे एक वही ठेवा. शिंका कधी आल्या, कुठे होतात, काय करत होतात. एवढंच लिहायचं. तारखेपुढे दोन ओळी पुरतात.

अंथरुणातून उठतानाच त्रास आणि दुपारी बरं, वर्षभर तेच : संशय गादीवर. केर काढताना, माळ्यावरचं सामान खाली घेताना, जुनी पुस्तकं चाळताना : धूळ आणि बुरशी. पावसाळ्यात भिंतीला पोपडे धरले की वाढतं : बुरशी. सप्टेंबर ते नोव्हेंबरात, मोकळ्या माळावर किंवा गाडीवरून जाताना : गवताचे आणि गाजर गवताचे पराग. फेब्रुवारी-मार्चमध्ये : झाडांचे पराग. वावळ्याचा बहर याच दिवसांतला, आणि त्याचे पराग वाऱ्यावर दूर जातात. मांजर मांडीवर बसल्यावर : ते तुम्हाला आवडणार नाही, पण लिहून ठेवा.

माझ्या वहीत सोळा दिवसांपैकी तेरा दिवस 'उठताना' असं होतं. उरलेले तीन दिवस मी गावी सतरंजीवर झोपलो होतो. डिटेक्टिव्हगिरीला याहून जास्त काही लागलं नाही.

एक इशारा. धूप, उदबत्ती, मच्छरांची कॉइल, अत्तर, फोडणीचा ठसका, ऑक्टोबरातला सातविणीचा उग्र वास यांनीही नाक भडकतं. पण ती बहुतेकदा ॲलर्जी नसते, चिडलेल्या नाकाला आणखी डिवचणं असतं. उपाय मात्र सारखाच, लांब ठेवा. देवघरातली उदबत्ती निरांजनावर भागवता येते. आमच्याकडे त्यावर दोन दिवस अबोला झाला, मग चाललं.

तिसरी पायरी : जलनेती, पण नीट

मला एकच उपाय निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की अस्तराला चिकटलेले पराग, धूळ आणि घट्ट शेंबूड वाहून जातो. यात जादू काही नाही, भांडी विसळण्यासारखं आहे. जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये ॲलर्जीच्या नाकावर असाच आढावा घेतला. लक्षणं कमी होऊ शकतात, दुष्परिणाम फारसे दिसत नाहीत, पण पुरावा भक्कम नाही, असा त्याचा सूर होता. काढ्यांच्या बाबतीत एवढंही कुणाला म्हणता येत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट परकी नाही. हठप्रदीपिकेतल्या षट्कर्मांत नेती आहे, पण ती सुताची : नाकातून दोरा घालून तोंडातून काढायचा. पाण्याची नेती त्या मानाने फार सौम्य.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण चूक इथेच होते. नळाचं, टाकीचं, बोअरचं, अगदी फिल्टरचंसुद्धा पाणी थेट नाकात घालायचं नाही. चांगलं खळखळून उकळायचं, उकळी किमान एक मिनिट राहू द्यायची, झाकून कोमट होऊ द्यायचं. कारण सांगतो. गोड्या, कोमट पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि त्यातून वाचणारे फार थोडे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोन माणसं दगावली, दोघांनीही नळाचं पाणी नेतीपात्रात घेतलं होतं. केरळमध्ये २०२४ पासून या आजाराच्या बातम्या आल्या, त्यांतल्या काही तळ्यात पोहण्या-आंघोळीशी जोडलेल्या होत्या. हा धोका अगदी विरळा आहे. पण पाणी उकळायला लागतो तो पाच मिनिटांचा गॅस, म्हणून यात सूट नाही.

मीठ : अर्धा लिटर पाण्याला ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा लहान चमचा सपाट भरून. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर आणखी सौम्य वाटतं. सोडा म्हणजे खाण्याचाच, धुण्याचा नाही. हे लिहावं लागतंय कारण एका घरात दोन्ही एकाच फडताळात असतात. पोहताना नाकात पाणी गेल्यावर जी आग होते ती मिठाविना पाण्यामुळे. शरीरातल्या खारटपणाशी जुळणारं पाणी असलं की आग होत नाही. पहिल्यांदा झोंबलं तर बहुधा मीठ चुकलंय, तुमचं नाक नव्हे. खडेमीठ किंवा सैंधव घेतलं तर पूर्ण विरघळू द्या, तळाचा गाळ घेऊ नका. औषधाच्या दुकानात तयार पुड्याही मिळतात.

आता कृती. बेसिनवर वाका. डोकं एका कुशीला कलवा, कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत. तोंड उघडं ठेवून तोंडाने श्वास घ्या. ही एकच गोष्ट विसरली की ठसका लागतो. झारीची, म्हणजे नेतीपात्राची, चोच वरच्या नाकपुडीत बसवा, पाणी आपोआप खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. अर्धं पाणी संपलं की बाजू बदला. झाल्यावर ओणवं होऊन डोकं खाली सोडा, आत अडकलेलं पाणी गळू द्या. मग दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरा. एक बाजू दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. नवखे लोक 'नेती केली आणि कान दुखायला लागला' म्हणतात ते बहुतेक यामुळेच.

त्रासाच्या दिवसांत रोज एकदा पुरे. बाहेरून आल्यावर किंवा केर काढल्यावर केली तर उत्तम. झोपायच्या अगदी तोंडावर नको, उशीवर पाणी येतं. नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा नुकतंच नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर करू नका. लहान मुलांना डॉक्टरांना विचारून, आणि जबरदस्तीने कधीच नाही. त्यांच्यासाठी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात. झारी रोज धुऊन पालथी घालून वाळवा.

हे सगळं वाचून दडपण येत असेल तर लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या ठिकाणी किंवा गावातल्या चांगल्या योगशिक्षकाकडे एकदा समोर बसून शिका. दहा मिनिटांचं काम आहे.

चौथी पायरी : गादी

धुळीतले किडे, म्हणजे ज्यांना डस्ट माइट म्हणतात ते, जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचे. चावत नाहीत, दिसत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. त्यामुळे हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचे हाल सुरू होतात. म्हणूनच मुंबई-कोकणात पावसाळाभर त्यांची चैन असते, आणि घरातल्या घरात दोरीवर कपडे वाळत घालून आपणच त्यात भर घालतो.

आजीच्या हातचं कडक ऊन खाल्लेलं अंथरूण इथे उपयोगी पडतं, पण अर्धंच. ऊन गादीतला ओलावा घालवतं आणि किडे मारतं. मात्र मेलेले किडे आणि त्यांची घाण तिथेच राहते. म्हणून ऊन दिल्यावर गादी बाहेरच्या बाहेर झोडपायची, आणि झोडपणारा ॲलर्जीवाला नसावा. चादरी, अभ्रे, पांघरुणं आठवड्याला एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात. मशीनवर तो आकडा असतो. नसेल तर बादलीत कडकडीत पाणी ओतून कपडे तासभर भिजवा, मग नेहमीसारखे धुवा. गोधडी आणि वाकळ धुता येते, म्हणून ती जाड न धुता येणाऱ्या रजईपेक्षा बरी. जुनी कापसाची उशी मात्र काढून टाका. तिच्यावर कितीही जीव असला तरी. गादी-उशीला चेन असलेली घट्ट विणीची खोळ चढवली तर किडे आतल्या आत कोंडले जातात, पण नुसत्या खोळीवर विसंबू नका. धुणं हवंच.

मुलांची मऊ खेळणी धुता येत नसतील तर पिशवीत घालून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग झटका. फ्रीजरमध्ये टेडी बघून पाहुणे दचकतात.

झोपायच्या खोलीत गालिचा नको, पलंगाखाली पेट्या नकोत. केरसुणीने कोरडा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं. दसऱ्या-दिवाळीची साफसफाई हा ॲलर्जीवाल्यांचा खरा शिमगा. जळमटं काढणं, माळा उतरवणं हे दुसऱ्या कुणावर सोपवता आलं तर सोपवा. नाहीच जमलं तर मास्क, खिडक्या उघड्या, आणि काम संपताच आंघोळ व नेती.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठी एक गंमत, खरं तर गंमत नाही. धुळीतले किडे आणि कोळंबी, कुर्ल्या यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ सारखं प्रथिन असतं. त्यामुळे किड्यांची ॲलर्जी असलेल्या काहींना कोळंबी खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते. सगळ्यांना नाही. पण तसं होत असेल तर 'कोळंबी शिळी होती' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

पाचवी पायरी : घराबाहेर

गाजर गवत, काँग्रेस गवत, पांढरी फुली, नाव काहीही घ्या. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नजरेत आलं; आयात केलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. आज देशभर पसरलंय. नाकाला त्याचे पराग त्रास देतात, आणि कातडीला त्याच्या रसातली व केसातली रसायनं : मान, पापण्या, कोपराचा खोबणा, जिथे वारा लागतो तिथे काळसर, खरबरीत, खाजणारे चट्टे. शेतावर काम करणाऱ्यांत हे जास्त दिसतं.

उपटायचं असेल तर फुलं येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. ज्याला चट्टे उठतात त्याने हात लावू नये. उपटलेलं जाळूही नये. आणखी एक : या गवताचं कूळ सूर्यफूल-शेवंतीचं. त्यामुळे काहींना शेवंतीच्या वेण्या-हारांनीही खाज येते, आणि 'ॲलर्जीवर नैसर्गिक' म्हणून विकला जाणारा कॅमोमाइल चहासुद्धा त्याच कुळातला.

बाकी साधं आहे. त्रासाच्या महिन्यांत पहाटेच्या फिरण्याऐवजी पाऊस पडून गेल्यानंतरची वेळ बघा, गाडीवर चष्मा आणि मास्क लावा, घरी येताच कपडे बदला, केस धुवा. नाकपुडीच्या कडेला बोटाने तुपाचा किंवा व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला तर थोडे कण तिथेच अडकतात. थेंब थेंब तूप-तेल नाकात आत सोडणं मी स्वतःच्या मनाने करत नाही. तेल श्वासातून फुप्फुसात उतरलं तर वेगळंच दुखणं होतं. नस्य करायचं तर वैद्यांच्या हातून.

आता काढा

गरम काही प्यायलं की घसा शेकतो, शेंबूड सैल होतो, बरं वाटतं. तुळस-आलं-गवती चहाचा एवढा उपयोग नक्की आहे. तेवढ्यासाठी जरूर प्या, दिवसातून दहा वेळा नको. अडुळसा हा कफावरचा; त्यातल्या वासिसिन या घटकावरूनच ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध बनलं. पण ॲलर्जीत कफ पातळ करणं हा मुद्दाच नसतो, नाक आधीच धो धो वाहत असतं. हळदीचं दूध झोपेला चांगलं. हळदीतलं कर्क्युमिन फार कमी शोषलं जातं, मिऱ्याबरोबर जरा जास्त. तरी कपभर दुधाकडून शिंका थांबवायची अपेक्षा धरू नका.

'आपल्या भागातला मध खा' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. मधमाशा गोळा करतात ते मुख्यतः रंगीत फुलांचे चिकट पराग. आपल्याला शिंका आणतात ते वाऱ्यावर उडणारे गवता-झाडांचे हलके पराग. मधात ते नसल्यातच जमा. मध गोड लागतो म्हणून खा. वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नको.

ज्येष्ठमध रोज चघळणाऱ्यांनी रक्तदाब मोजावा. सतत घेतलं तर तो वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. आणि वाफ : दहा मिनिटं मोकळं वाटतं, बस्स. उकळत्या पातेल्यावर चादर ओढून बसणाऱ्या मुलांचे भाजल्याचे अपघात नेहमी होतात, म्हणून मुलांना वाफ नको. दमेकऱ्यांनी पाण्यात बाम-निलगिरी टाकू नये. तान्ह्या बाळाच्या उशाशी कापराची पोटली ठेवू नये.

दही, केळं, लिंबू बंद केल्याने धुळीची ॲलर्जी जात नाही. मी तीन वर्षं दही सोडलं होतं. त्या तीन वर्षांची भरपाई आता चालू आहे.

अंगावर पित्त उठलं तर

आमसुलाचं पाणी अंगाला लावायची आपल्याकडची रीत जुनी. त्यातला गारवा खाज शमवतो. साध्या गार पाण्याच्या घडीनेही तेच होतं. त्वचा फुटलेली नसेल तर आमसूल लावायला हरकत नाही. कडुलिंबाचा लेप, लसूण चोळणं, कच्चं लिंबू घासणं टाळा, सुजलेली कातडी आणखी भडकते. कोरड्या खाजेला आंघोळीनंतर लगेच खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर. गांधी सहा आठवड्यांहून जास्त येत राहिल्या तर घरचं थांबवून डॉक्टरांकडे जा.

किती वाट पाहायची?

नेती आणि गादी, दोन्ही तीन आठवडे नेमाने केलं आणि वहीत फरक दिसला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा ॲलर्जी तज्ज्ञांकडे जा. वही बरोबर न्या, त्यांचा निम्मा वेळ वाचतो. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा लिहून दिला तर 'स्टिरॉइड' शब्दाला घाबरू नका; मात्रा अगदी थोडी, तीही नाकापुरती. असर यायला काही दिवस लागतात, एका दिवसात सोडू नका. फवारा नेतीनंतर, नाक कोरडं झाल्यावर मारायचा. आधी मारून मग नेती केली तर औषध बेसिनमध्ये जातं. हे मी महिनाभर केलं आहे.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा. एक, दुकानातून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांच्या पुढे : नंतर थेंब बंद केले की नाक आणखी चोंदतं, आणि माणूस बाटलीचा गुलाम होतो. दुसरी, नाव-पत्ता नसलेली पुडी. एका ओळखीच्यांनी मला अशी 'शंभर टक्के आयुर्वेदिक' पुडी दिली, दुसऱ्याच दिवशी नाक ठणठणीत. इतक्या झटपट गुण येतो तेव्हा आत स्टिरॉइड कुटून घातलेलं असण्याची शंका घ्यावी. असे प्रकार तपासण्यांत सापडलेले आहेत. पुडीवर घटक, उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक नसेल तर ती परत करा. मी केली. पुढच्या सोमवारी नाक पुन्हा वाहू लागलं, आणि मी पाणी उकळायला ठेवलं.